सात नंबरची काठी

रायपूरच्या चौबे कॉलोनीत संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालेल्या माणसांना एका घराच्या गच्चीवर नेहमी एक चमत्कारिक दृश्य दिसते. सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ जुन्या सतरंजीवर पाय रोवून उभे असतात. त्यांच्या हातात लोखंडी टोकाची एक लांब काठी असते. पण ती त्यांनी उलटी धरलेली असते. लोखंडी टोक मुठीत आणि मूठ जमिनीकडे. समोर चेंडू नसतो, प्रतिस्पर्धी नसतो, काहीच नसते. काठी सावकाश मागे जाते, वर क्षणभर विसावते आणि ‘सूं’ असा आवाज करीत खाली येऊन डाव्या खांद्यावर जाते. गृहस्थ कान देऊन तो आवाज ऐकतात, मान हलवतात आणि पुन्हा पहिल्या जागी येऊन उभे राहतात. कुंड्यांना पाणी घालणारी त्यांची पत्नी आता या प्रकाराला सरावली आहे. “अहो, तुळस सांभाळा,” एवढेच ती अधूनमधून म्हणते.

या गृहस्थांना सारी वसाहत ‘सर’ म्हणून ओळखते. छत्तीस वर्षे त्यांनी महाविद्यालयात गणित शिकवले. आजोबा नागपूरहून नोकरीनिमित्त रायपूरला आले, तेव्हा दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती आणि १९५६ पर्यंत त्या प्रांताची राजधानी नागपूरच होती. पुढे रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि २००० साली छत्तीसगडची राजधानी झाले. राज्ये बदलली, पण घरातली मराठी टिकून राहिली. १९३५ साली स्थापन झालेले इथले महाराष्ट्र मंडळ चौबे कॉलोनीतच आहे. तिथला गणेशोत्सव सरांनी सहसा चुकवला नाही. बाजारात हिंदी, रिक्षावाल्याशी छत्तीसगढी आणि घरात मराठी असा त्यांचा दिवस तीन भाषांतून सहज ये-जा करतो. असा हा माणूस गोल्फकडे वळला, तो हौसेने नव्हे.

सरांचा धाकटा भाऊ सैन्यात अधिकारी होता. निवृत्तीनंतर तो पुण्यात स्थायिक झाला. सैन्यात असताना त्याला गोल्फची गोडी लागली होती. सर पुण्याला गेले की तो पहाटे त्यांना उठवी आणि म्हणे, “दादा, एकदा चल तरी. नुसता उभा राहून बघ.” सर पांघरूण डोक्यावर ओढून घेत आणि म्हणत, “मोठ्या माणसांच्या गोट्या त्या! तूच खेळ.” हा संवाद वर्षानुवर्षे होत राहिला. दोघांनाही तो पाठ झाला होता, आणि तो कधीच संपणार नाही असे दोघांनाही वाटत असावे. एका पावसाळ्यात भाऊ अचानक गेला. वर्षश्राद्धानंतर भावजयीने त्याची काठ्यांची पिशवी रायपूरला पाठवून दिली. सोबत चिठ्ठी होती : ‘दादा, या तुमच्याकडे असाव्यात असे वाटले.’ पिशवीत अकरा काठ्या होत्या. त्या माळ्यावर ठेवण्याचे सरांच्या जिवावर आले आणि दिवाणखान्यात ठेवण्याचे तर त्याहून अधिक.

गोल्फ हा खेळ सामान्य मराठी माणसाच्या घरातला नाही, हे खरे. नाशिकमधले हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही कित्येकांच्या तोंडी ‘गोल्फ क्लब मैदान’ असते. पण तिथे क्रिकेट पाहिलेल्या आणि सभा ऐकलेल्या हजारो माणसांनी गोल्फची काठी हातातही धरलेली नसेल. वास्तविक हा खेळ आपल्या देशाला नवा नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे. ब्रिटनबाहेर त्याच्याइतका जुना क्लब दुसरा नाही. खेळ वरवर सोपा दिसतो. बेचाळीस-त्रेचाळीस मिलिमीटर व्यासाचा, शेहेचाळीस ग्रॅमांहूनही किंचित हलका असा एक चेंडू गवतावर स्वस्थ पडलेला असतो. तो क्रिकेटच्या चेंडूसारखा अंगावर येत नाही, वळत नाही, उसळत नाही. त्याला काठीने मारायचे आणि दूरवरच्या १०८ मिलिमीटर रुंदीच्या खळग्यात कमीत कमी फटक्यांत पोहोचवायचे. स्थिर चेंडूला मारण्यात अवघड ते काय, असे सरांनाही वाटले. अवघड तेच आहे. धावत्या चेंडूपुढे विचार करायला सवड नसते. पडून राहिलेल्या चेंडूपुढे नको इतकी सवड असते.

या सवडीचा सरांनी पुरेपूर उपयोग केला. त्यांनी पुस्तके मागवली. मोबाइलवर नामांकित खेळाडूंच्या चित्रफिती पाहिल्या. कोनमापक घेऊन आकृत्या काढल्या. एका जाड वहीत ‘स्विंग’, म्हणजे काठी मागे नेऊन चेंडूवर आणण्याची संपूर्ण क्रिया, असे शीर्षक देऊन त्यांनी सूचना उतरवल्या : डावा हात सरळ, उजवे कोपर शरीराजवळ, खांदे वळवावेत, कंबर त्यांच्यापेक्षा कमी, वजन आधी उजव्या पायावर, मग डाव्या, मनगटे अमुक वेळी मोडावीत, तमुक वेळी सोडावीत. सूचनांची संख्या तेवीस झाली. नव्या रायपुरात, शहरापासून बरेच दूर, गोल्फचे मैदान आहे. तेथील सरावाच्या जागी जाऊन सर चेंडूपुढे उभे राहत, तेवीसच्या तेवीस सूचना मनात म्हणत आणि काठी फिरवत. चेंडू थोडा सरळ जाई आणि मग, जणू काही विसरल्याची आठवण व्हावी तसा, उजवीकडे वळून झुडपांत नाहीसा होई. गोल्फमध्ये या दोषाला ‘स्लाइस’ म्हणतात. नवशिक्यांमध्ये याच्याइतका सर्रास आढळणारा दोष क्वचितच दुसरा असेल. चेंडूला लागताना काठीचे तोंड तिच्या जाण्याच्या दिशेच्या मानाने उघडे राहिले, की चेंडूला तिरपी फिरकी मिळते आणि तो हवेत वळतो. सरांना हे कारण आकृतीसह सांगता येत होते. चेंडू मात्र वळायचा तो वळतच होता.

दोन महिने झाले. सरांचा डावा खांदा दुखू लागला. काठ्या पुन्हा पुण्याला पाठवून द्याव्यात असे पत्नीजवळ बोलणेही झाले. त्याच सुमारास मैदानावरच्या एका माणसाने त्यांना सांगितले, “बाबूजी, एकदा त्या झाडाखालच्या गड्याला दाखवा ना. तो बघतो.”

झाडाखालचा तो गडी चाळिशीचा होता. नव्या राजधानीसाठी ज्या गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्यांपैकी एका गावचा. शाळा आठवीला सुटलेली. मैदानावर तो आधी गवत कापायला लागला, मग खेळाडूंच्या पिशव्या वाहू लागला. पिशवी वाहणाऱ्या या माणसाला गोल्फमध्ये कॅडी म्हणतात. पिशवी वाहता वाहता त्याने वर्षानुवर्षे हजारो फटके पाहिले, रिकाम्या वेळी स्वतः मारले, आणि नवख्यांना शिकवू लागला. आपल्याकडे गोल्फचे कितीतरी चांगले खेळाडू याच वाटेने आले आहेत. दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी म्हणून काम केलेल्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ साली त्यांनी ती पुन्हा जिंकली. बंगळूरचे सी. मुनियप्पा हेही मूळचे कॅडी. २००९ साली ती स्पर्धा त्यांनी जिंकली. पिशवी खांद्यावर असली तरी डोळे मोकळे असतात.

सर त्याच्याकडे गेले खरे. पण मनातून फारसे राजी नव्हते. “तुम देखो, क्या गलत है,” असे त्यांनी त्याला सांगितले आणि सवयीने वहीही उघडली. त्याने वहीकडे पाहिले नाही. तो गवतावर उकिडवा बसला आणि म्हणाला, “दहा मारा.” सरांनी दहा चेंडू मारले. त्यांपैकी सात उजवीकडे गेले, दोन जमिनीवरून घरंगळले, एक लागलाच नाही. तो काही बोलला नाही. तो मागे जाऊन बसला, पुन्हा दहा मारायला लावले. मग समोर येऊन बसला, पुन्हा दहा. अर्ध्या तासात त्याने एकही चूक सांगितली नाही. सरांना वाटले, याला काही कळत नसावे. शेवटी तो उठला, सरांच्या हातातली काठी त्याने घेतली आणि तिच्या मुठीवरच्या रबरावरून अंगठा फिरवला.

“बाबूजी, ही काठी कोणाची?”

“माझ्या भावाची.”

“हौ,” तो म्हणाला. छत्तीसगढीत ‘हौ’ म्हणजे होय. “इथे दुसऱ्याचा हात आहे.”

ती सात नंबरची लोखंडी काठी होती. मध्यम अंतराचे फटके मारायला ती वापरतात आणि बहुतेकांचा सराव तिच्याचवर होतो. भावानेही ती सर्वांत जास्त वापरली असावी, कारण तिच्या रबरावर त्याच्या डाव्या अंगठ्याची खोलगट खूण उमटली होती. सरांनी ती पहिल्याच दिवशी पाहिली होती. त्या खुणेवर आपला अंगठा बरोबर बसावा म्हणून ते नकळत हात वाकडा करून काठी धरत होते, ही गोष्ट मात्र त्यांच्या तेवीस सूचनांत कुठेच नव्हती. शिवाय रबर जुने होऊन कडक आणि गुळगुळीत झाले होते. काठी निसटेल या भीतीने सर ती गच्च आवळत. मुठी आवळल्या की मनगटे ताठत, मनगटे ताठली की खांदे, आणि ताठलेल्या हातांनी काठीचे तोंड वेळेवर वळत नसे. चेंडू उजवीकडे का जातो, याचे उत्तर असे बोटांत होते.

“रबर बदलून घ्या,” तो म्हणाला. “स्वस्तात होते. सगळ्या काठ्यांचे बदला.”

सर काही बोलले नाहीत. त्यांनी काठी पिशवीत ठेवली, पिशवीची चेन लावली आणि ते घरी निघून आले. त्या आठवड्यात ते मैदानावर गेले नाहीत. एका दुपारी पत्नीने पाहिले, तर दिवाणखान्यात बसून ते नुसतेच त्या रबरावरून बोट फिरवत होते. तिने काही विचारले नाही. चहा ठेवला आणि ती आत गेली.

पुढच्या रविवारी ते पुन्हा झाडाखाली जाऊन उभे राहिले. त्या माणसाने बहुधा सारे ओळखले होते. दुखऱ्या जागेवर बोट ठेवून तो पुढे काही बोलला नाही. कोणाची तरी वापरात नसलेली, नव्या रबराची एक सात नंबरची काठी त्याने आणून ठेवली होती. ती सरांच्या हातात देत तो म्हणाला, “ती तशीच ठेवा. बाकीच्या दहा बदलून घ्या. तोवर ही वापरा.” सरांनी मान डोलावली. मग त्याने पकड शिकवली. तिच्याविषयी पुस्तकांत पानेच्या पाने होती. त्याचे सांगणे एका वाक्याचे होते. रस्ता ओलांडताना लहान मुलाचे बोट धरतो तशी धरा : सुटता कामा नये आणि त्याला दुखताही कामा नये. सरांनी तशी धरली. त्याने काठीचे टोक पकडून हळूच ओढून पाहिले आणि म्हटले, “अजून दुखते आहे त्याला.” तीन आठवडे तो फक्त पकडच पाहत राहिला. कोपराविषयी सरांनी विचारले, तर “ते नंतर”. गुडघ्याविषयी विचारले, तरी “ते नंतर”.

चौथ्या आठवड्यात त्याने चेंडूच काढून घेतला. काठी उलटी धरायला लावली आणि म्हणाला, “आता फिरवा आणि ऐका.” उलट्या काठीची मूठ हवा कापते तेव्हा ‘सूं’ असा आवाज होतो. वेग जिथे सर्वाधिक, तिथे तो सर्वांत मोठा. सरांच्या काठीचा आवाज उजव्या कानापाशी, म्हणजे काठी वरून निघताच येत होता. चेंडूच्या जागेपाशी ती येईपर्यंत जोर संपलेला असे. आवाज खाली, पायांच्या पुढे, डाव्या बाजूस यायला हवा होता. “झूला झूलिए, बाबूजी,” तो म्हणाला, “ढकेलिए मत.” झोपाळ्याला वरून ढकलावे लागत नाही, तो आपल्या वजनानेच खाली येतो आणि तळाशी सर्वांत वेगवान असतो. गणिताच्या माणसाला यात नवे काही नव्हते. लंबकाचे समीकरण त्यांनी कित्येक वर्षे फळ्यावर मांडले होते. ते हातात उतरायला मात्र उलटी काठी लागली. चौबे कॉलोनीतल्या गच्चीवरचा खेळ तेव्हापासून सुरू झाला.

अशी साधी साधने वापरणाऱ्या गुरूंची या खेळात परंपरा आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये हार्वी पेनिक नावाचे एक शिक्षक होऊन गेले. तेही वयाच्या आठव्या वर्षी कॅडी म्हणून लागले होते. शिष्यांना काय सांगितले आणि कशाचा गुण आला, हे ते एका लाल वहीत टिपून ठेवत. ती वही पुस्तकरूपाने १९९२ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांचे वय सत्याऐंशी होते. लांब दांड्याच्या गवतकापणीने रोज थोडे गवत कापा, स्विंग सुधारेल, असे ते सांगत. नव्या रायपुरातल्या त्या माणसाने पेनिकचे नाव ऐकले नसावे. पण गवत कापण्यापासूनच त्याचीही सुरुवात झाली होती. १९९५ च्या एप्रिलमध्ये पेनिक वारले. त्यांचा शिष्य बेन क्रेन्शॉ बुधवारी त्यांच्या शवपेटीला खांदा देऊन आला आणि त्याच रविवारी मास्टर्स ही जगातली मानाची स्पर्धा जिंकला. दोन आठवड्यांपूर्वीच अंथरुणाला खिळलेल्या गुरूने त्याला शेवटचा धडा दिला होता. शेवटचा चेंडू खळग्यात जाताच क्रेन्शॉ वाकून, चेहरा हातांत धरून रडला.

दुसरे उदाहरण जॅक निकलसचे. सर्वांत मोठ्या चार स्पर्धांत मिळून अठरा विजेतेपदे मिळवणारा हा खेळाडू १९५० साली, दहा वर्षांचा असताना जॅक ग्राउट यांच्याकडे शिकायला गेला. फटका मारताना मुलाचे डोके हलते हे पाहून ग्राउट यांनी आपल्या साहाय्यकाला त्याचे केस धरून उभे राहायला सांगितले. डोके हलले की केस ओढले जात. पुढे जगज्जेता झाल्यावरही निकलस दरवर्षी हंगामाच्या आरंभी त्याच गुरूकडे जाई आणि पकडीपासून, उभे राहण्यापासून सारे पुन्हा तपासून घेई. हे वाचून वाटते, तो तिथे नवे शिकायला जात नव्हता. स्वतःला दिसत नाही ते कोणीतरी पाहावे, म्हणून जात होता.

या सगळ्याचे मर्म तिथेच आहे. स्वतःचा स्विंग कोणालाच दिसत नाही. आपण केले असे वाटते ते आणि शरीराने प्रत्यक्ष केले ते, यांत बरेच अंतर पडते. डावा हात सरळ ठेवला अशी सरांची खात्री असे, तेव्हा तो मोडलेला असे. काठी मागे जाऊन चेंडूवर येईपर्यंत जेमतेम एक-सव्वा सेकंद जातो; त्यात वरून खाली यायला सुमारे पाव सेकंद. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श तर एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका. एवढ्या वेळात तेवीस सूचना पाळणे दूरच, एकही चूक दुरुस्त करता येत नाही. चित्रफितीत चूक दिसते हे मान्य. पण तिच्यात आठच्या आठ चुका एकाच वेळी दिसतात. त्यांपैकी कोणती आई आणि कोणती तिची लेकरे, हे ती सांगत नाही. ते कळायला अर्धा तास गवतावर उकिडवे बसून न बोलता पाहणारा माणूस लागतो.

मराठी वाचकाला इथे शिवाजी पार्कवरचे रमाकांत आचरेकर आठवतील. १९८४ साली अकरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला त्याचा भाऊ अजित त्यांच्याकडे घेऊन गेला, तेव्हा मुलगा बुजला आणि त्याला धड खेळता येईना. एकदा दूर जाऊन पाहा, अशी अजितने विनंती केली. आचरेकर झाडाआड उभे राहिले, आणि कोणी पाहत नाही असे वाटून मुलगा मनासारखा खेळला. पुढे ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो सचिनला बाद करील त्याचे ते नाणे, कोणीच बाद करू शकले नाही तर सचिनचे. १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० साली पद्मश्री मिळालेले, २०१९ साली निधन पावलेले हे गुरू त्या नाण्यामुळे अनेकांच्या लक्षात राहिले आहेत. नाण्याच्या आधी झाड होते, ही गोष्ट तितकी लक्षात राहिलेली नाही.

हिवाळा सरत आला. एका रविवारी सरावाच्या जागी सरांच्या शेजारी एक तरुण चेंडू मारत होता आणि त्याच्या मागे उभे राहून त्याचे वडील सारखे ओरडत होते, “डोके! हात! पाय बघ! अरे, काय करतोस?” तरुणाने दोन फटके वाया घालवले, काठी खाली टाकली आणि तो निघून गेला. सर त्या पडलेल्या काठीकडे पाहत राहिले. त्यांना फळ्यापाशी पडलेला खडू आठवला.

तीस वर्षांहून जुनी गोष्ट. खेड्यातून आलेला, हिंदीही छत्तीसगढीच्या वळणाने बोलणारा एक मुलगा समीकरण सोडवायला फळ्यापाशी उभा होता. सर शेवटच्या बाकापाशी उभे राहून बोलत होते : चिन्ह चुकले, कंस कुठे गेला, अक्षर नीट काढ, दुसरी ओळ पुन्हा बघ, इतके साधे येत नाही? सगळ्या सूचना बरोबर होत्या. मुलाने खडू फळ्याखालच्या पट्टीवर ठेवला, तो घरंगळून खाली पडला, आणि मुलगा वर्गाबाहेर गेला. त्यानंतर तो गणिताच्या तासाला दिसला नाही. सरांनी तेव्हा मित्रांजवळ म्हटले होते, मुलांना कष्ट नकोत. वर्षानुवर्षे ते वह्या लाल शाईने भरून परत देत आले आणि जितकी शाई जास्त तितके आपण मेहनती, असे मानत आले. त्या मुलाची पहिली चूक कोणती होती, ती त्यांना आता काही केल्या आठवेना. कदाचित तेव्हाही त्यांनी ती पाहिली नसावी.

त्या दिवशी त्यांचे एकही फटके धड लागले नाहीत. झाडाखालच्या माणसाने दोनदा त्यांच्याकडे पाहिले आणि चेंडूंची टोपली उचलून बाजूला ठेवली. “आज राहू द्या,” तो म्हणाला. दोघे झाडाखाली बसले. त्याने डब्यातला फरा पुढे केला. तांदळाच्या पिठाचे ते उकडलेले फरे खाता खाता सरांनी त्याला विचारले, “आपने किससे सीखा?” आजवर ते त्याला ‘तुम’ म्हणत आले होते. ‘आप’ कसे आले, ते त्यांच्याही लक्षात आले नाही. त्याच्या आले असावे. तो थोडा थांबला आणि म्हणाला, “पिशवी उचलून उचलून. ज्याची पिशवी, त्याच्या मागे चार तास चालायचे. बोलायचे नाही. मग दिसायला लागते.”

फाल्गुनात ऊन तापू लागण्यापूर्वीच्या एका सकाळी तो फटका लागला. आवाजच निराळा होता. कोरडा, लहानसा ‘टक्’. हाताला काही जाणवलेच नाही. मान वर करण्याची घाई सरांनी केली नाही. त्यांनी पाहिले तेव्हा चेंडू उंच, सरळ, निळ्यात बारीक होत चालला होता. तो उजवीकडे वळला नाही. सर चटकन मागे वळले, कोणाला तरी दाखवायला. मागे पिशवी उभी होती. तिच्या दहा काठ्यांना नवी काळी रबरे होती आणि अकरावी, जुन्या रबराची, त्यांच्यामध्ये थोडी वर आलेली होती. झाडाखालच्या माणसाने ते पाहिले की नाही कोण जाणे. त्याने पुढचा चेंडू गवतावर ठेवला होता.

“अजून एक,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी गच्चीवरचा सराव संपवून सर खाली आले, तेव्हा शेजारची नववीतली मुलगी भूमितीची वही घेऊन ओसरीवर बसली होती. प्रमेय सोडवून दाखवायला ती आठवड्यातून एकदा येते. सरांनी चष्मा लावला. आकृती तिरपी होती, दोन कोनांची नावे उलटसुलट झाली होती, तिसऱ्या पायरीचे कारण लिहिलेले नव्हते आणि शेवटचे विधान चुकले होते. त्यांचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला आणि तिथेच राहिला. ते बराच वेळ वहीकडे पाहत बसले. मुलीची चुळबुळ सुरू झाली. “सर, सगळेच चुकले का?” तिने विचारले.

सरांनी एका कोनाच्या नावावर बोट टेकवले आणि ते गप्प राहिले. मुलीने वाकून पाहिले, स्वतःशी काहीतरी पुटपुटली आणि खोडरबर शोधू लागली.